वायरलेसवर फोडलेला नारळ

आमच्या घरात सगळ्यांत कमी बोलणारी मी, आणि कारखान्यातलं सगळ्यांत जास्त बोलणारं यंत्र दुरुस्त करायला शिकले तीही मीच. याचा अर्थ लोकांनी वेगवेगळ्या प्रकारे लावला. मी त्या भानगडीत पडले नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, तामलवाडीच्या बाजूला असलेल्या एका सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कारखान्याच्या कॉलनीत आम्हाला दोन खोल्या होत्या, वर सिमेंटचे पत्रे. मी लहानपणापासून सोलापूरला मावशीकडं राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. आमच्या समाजात त्या वेळी इतक्या लांब, इतक्या इंग्रजी शाळेत मुलगी घालणारे दादा एकटेच असावेत, आणि त्या धाडसाचं पुढं काय करायचं हे त्यांनाही ठरवता आलं नव्हतं. परीक्षा संपवून मी परत आले ते वर्ष दुष्काळाचं. उसाचे फड वाळून गेले होते आणि यंदा बॉयलर पेटणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. भोंगा मात्र वेळच्या वेळी व्हायचा. कामावर जायला फारसं कुणी नव्हतं, पण भोंगा बंद ठेवण्याचा ठराव झालेला नव्हता. आई त्या भोंग्यावर चूल पेटवायची. सकाळ-संध्याकाळ हुलग्याचं माडगं असायचं. कुणी तक्रार केली तर ती म्हणायची, "पातळ जेवलं की वरून येगळं पाणी प्यावं लागत न्हाय. गुमान प्या."

घरात माझं काय करायचं ते ठरलेलं होतं. लातूरला माझी आत्या होती. तिच्या ओळखीनं तिथल्या एका नव्या इंग्रजी शाळेत बालवर्गावर बाई म्हणून मला जागा मिळणार होती, दिवाळीनंतर. मला इंग्रजी येत होतं एवढंच शाळेला हवं होतं. मला मात्र त्या विचारानं झोप येत नसे. चार माणसांत कुणी नाव विचारलं तरी माझा आवाज घशात अडकायचा. तिथं खोलीभर लेकरांपुढं उभं राहून गाणी म्हणायची होती, हातवारे करून. आई म्हणाली, "आत्याबाईंना म्हणावं, हिला फळ्यावर लिहून गाणं म्हणता येतंय का ते इचारा." दादा हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. "सवयीनं येतं सगळं," एवढंच म्हणाले.

मधल्या काळात वायरलेसचं निघालं. कारखान्याच्या ऑफिसवर, गच्चीच्या जिन्याशेजारी वायरलेसची खोली होती. मुख्य सेट तिथं, आणि उसाच्या पट्ट्यातल्या गट ऑफिसांत लहान सेट. उसाच्या गाड्या कुठं अडकल्या, तोड कुठं सुरू आहे हे कळावं म्हणून ते घेतलेले. ऊस नव्हता, म्हणून त्या वर्षी त्यांच्यावरून पाण्याचे टँकर चालवले जात होते. कुठल्या गावाची विहीर आटली, कुठला टँकर कुठं वळवायचा, हे सगळं त्या एका खोलीतून. खोलीचे मालक दस्तगीरभाई. कारखान्यात येण्याआधी त्यांचं तुळजापुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि या जिल्ह्यात वायरलेसचं पोट फाडून परत शिवणारा माणूस आपण एकटेच आहोत असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. सेटबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं. त्यातली अक्षरं फार बारीक छापली आहेत अशी दस्तगीरभाईंची तक्रार होती. मोठी छापली असती तरी त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तो विषय कुणी काढत नसे. ते दादांना म्हणाले, "पोरगी घरात बसून काय करती? पाठवा की वर. किताब वाचून दाखवंल." दादांनी विचार केला आणि दिवाळीपर्यंत म्हणून हो म्हणाले.

सुरुवातीला मी फक्त वाचत असे. मी एक वाक्य इंग्रजीतून वाचायची, मग जमेल तसं मराठीत सांगायची, आणि दस्तगीरभाई त्यावर निकाल द्यायचे. "हे बराबर लिवलंय." "हे चुकलं. ह्यानं कधी आपल्याकडचा धुरळा बघितलेला दिसत न्हाई." कधी पुस्तक बरोबर निघायचं, कधी ते. पुस्तक बरोबर निघालं की ते चहा मागवायचे आणि विषय बदलायचे. हळूहळू माझ्या हातात वस्तू येऊ लागल्या. आधी मीटर, मग सोल्डरिंगची तापती सळई. राळेचा तो वास, तापलेल्या टोकावर सोल्डरचा थेंब चमकून एकदम मान टाकतो तो क्षण, हे मला कुणी न सांगता आवडलं. दस्तगीरभाईंच्या हाताला किंचित कंप होता, माझ्या हाताला नव्हता. बारीक जोड मी करायची, बिघाड कुठं आहे ते दस्तगीरभाई शोधायचे. सेटला कान लावून, डोळे मिटून बसत आणि म्हणत, "किताब ठेव बाजूला. आता ह्यो काय म्हणतोय ते ऐकू दे." इतक्या लहान रंगीत पट्ट्या बघून कुठला पार्ट किती शक्तीचा ते मी तोंडपाठ सांगायची. आता चष्म्यातूनसुद्धा मला त्यातला तांबडा आणि तपकिरी वेगळा दिसत नाही, आणि माझी भाची म्हणते तसं, दुरुस्त करण्यासारखं काही घरात उरलेलंही नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे तिथं मला बोलावं लागत नव्हतं. माणसं त्या खोक्यातून बोलायची आणि मी ऐकायची. गट ऑफिसातली माणसं 'ओव्हर' हा शब्द रामराम म्हणावा तसा वापरत. "टँकर निघाला, ओव्हर. म्हशीला रेडी झाली, ओव्हर. आमच्या सासऱ्यास्नी सांगा ओव्हर म्हणून." एखादं दिवस सगळीकडं शांत असलं की नुसती खरखर यायची. तीसुद्धा मला सोबतीसारखी वाटायची. दिवाळी जवळ येत चालली होती. दादांना मी काही म्हणाले नव्हते. त्यांनीही विचारलं नव्हतं. आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे विषय असेच चालत.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा मोठी होत असे. स्वतः चेअरमनसाहेब येत, तुळजापूरहून भटजी येत. आमच्या घरी पूजा नव्हती. आम्ही बौद्ध, आमचं दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरे कपडे घालून वंदनेला जाणं असायचं. पण दादा नोकरीचा भाग म्हणून कारखान्यातल्या पूजेला उभे राहत, हात पाठीमागं बांधून, आणि तीर्थ जवळ आलं की "झालं, झालं" म्हणत. दरवर्षी पूजेचा मान बॉयलरला आणि गाळपाच्या गिरणीला. त्या वर्षी गिरणी ग्रीस फासून ताडपत्रीखाली झाकलेली होती. चेअरमनसाहेबांनी ताडपत्रीवर हळदकुंकू वाहिलं, पण त्यांचंही मन लागेना. कुणीतरी म्हणालं, सध्या कारखान्यात चालू असं एकच यंत्र आहे. सगळी मंडळी जिना चढून वर आली. त्या वर्षीची कारखान्याची सगळी भक्ती वायरलेसच्या वाट्याला आली.

सेटला झेंडूचा हार घातला, माइकलाही घातला. भटजींनी मंत्र म्हटले. नारळ फोडायचा दगड खाली बॉयलरपाशी राहिला होता. चेअरमनसाहेबांनी इकडंतिकडं बघितलं. सेटचं खोकं जाड लोखंडी होतं, कडा मजबूत होत्या. त्यांनी नारळ उचलला आणि सेटच्या कडेवरच फोडला. दुष्काळ असा, की नारळातसुद्धा पाणी नसेल असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. नारळ तुडुंब भरलेला निघाला. हवा खेळावी म्हणून सेटच्या वरच्या पत्र्याला फटी होत्या. सगळं पाणी तिथून आत गेलं. सेट चालू होता. पलीकडून कुणीतरी टँकरचं सांगत होतं. च्यक् असा बारीक आवाज झाला आणि तो माणूस वाक्याच्या मधेच थांबला. भटजी म्हणाले, "शुभ झालं." दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. प्रसाद वाटला गेला.

मंडळी गेल्यावर आम्ही फ्यूज बदलला. तो उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. दस्तगीरभाई तिसऱ्याच्या जागी तांब्याची तार घालायला निघाले तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांचा हात धरला. ते खाली बसले.

"आत काय गेलंय ते तुलाबी ठावं हाय आन् मलाबी," ते म्हणाले. "पर म्या नारळाचं नाव काढलं तर मामला निराळाच हुईल, बेटी."

"दादांना सांगायला सांगू?"

"तुझ्या दादांनी काढलं तर त्याच्याहून निराळा हुईल."

खरंच होतं. साऱ्या कारखान्यात त्या नारळानं काय केलं हे ज्यांना कळलं होतं ते आम्ही दोघं, आणि आम्हा दोघांपैकी कुणालाही त्याविषयी बोलण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसरा. वंदनेत माझं लक्ष नव्हतं. वायरलेस मुका झाल्यामुळं टँकरवाले आदल्या दिवशीच्याच वाटेनं गेले. एका गावात दोन टँकर पोचले. तिथं लोकांनी सणाच्या निमित्तानं बैल धुतले. शेजारच्या वस्तीवर एकही गेला नाही. तिथल्या बायका घागरी घेऊन चालत कारखान्याच्या गेटवर आल्या आणि तिथंच बसल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. सेट बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर पुण्याहून यायचा, तोही दिवाळीनंतर. टँकरचं काम शेतकी अधिकाऱ्यांकडं होतं आणि कुणावर तरी ढकलल्याशिवाय त्यांना राहवेना. ते खाली ऑफिसात, दादांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजवर कधी सेट बिघडला न्हाई. पोरीबाळी मशिनीला हात लावायला लागल्या, मग दुसरं काय हुणार? उद्यापासनं तिला वर सोडू नका."

रात्री जेवताना दादा ताटाकडं बघत म्हणाले, "आत्याला कळवतो. दिवाळीची वाट बघायला नको. या आठवड्यातच जा." आईनं माझ्या वाटीत न मागता माडगं वाढलं.

सकाळी मी वर गेले. मला सोडू नये असं सांगितलेलं होतं, पण मला अडवायचं असंही कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी सामान घ्यायला आले होते, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुना ब्रश. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गेटवरच्या बायका बघून चेअरमनसाहेब स्वतः वर आले होते. मागं शेतकी अधिकारी, दोन-चार कारकून, आणि सगळ्यांच्या शेवटी दाराबाहेर दादा, कारण खंडेनवमीपासून कोण कधी खोलीत आलं-गेलं ते विचारायला त्यांना बोलावलं होतं.

"कुणाचा हात लागला, तेवढं सांगा," चेअरमनसाहेब म्हणाले.

दस्तगीरभाई गप्प होते. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि ते बघवेना. मी पुस्तक उचललं. रात्रभर त्यातलं एकच पान माझ्या डोळ्यांपुढं होतं. उघडलं आणि इंग्रजीतून वाचायला लागले. इंग्रजीत माझा आवाज थोडा कमी अडकायचा, कारण समोरच्याला कळत नाही याची खात्री असायची.

"मराठीत सांग की," चेअरमनसाहेब म्हणाले.

"यंत्रात पातळ पदार्थ गेल्यास..."

"पातळ पदार्थ म्हंजे? आमटी का?" एक कारकून म्हणाला. हसणं झालं.

"थांबा रे. कसला पातळ पदार्थ, पोरी?"

मी दादांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं झालं नसतं.

"नारळाचं पाणी," मी म्हणाले.

आमटीवाला कारकून मागं सरकला. मग शेतकी अधिकारी म्हणाले, "बघा साहेब. ह्या लोकांना आपल्या देवाधर्माचं..."

चेअरमनसाहेबांनी हात वर केला. "नारळ कुणी फोडला हुता?"

"तुम्ही."

"कशावर?"

"सेटवर."

ते सेटपाशी गेले आणि वाकले. वरच्या पत्र्यावरच्या फटींतून तांबड्या मुंग्यांची एक ओळ आत चालली होती, एक बाहेर येत होती. त्या वर्षी कारखान्यात साखर नव्हती, त्यामुळं कारखान्यातल्या मुंग्या वायरलेसमध्ये गेल्या होत्या. चेअरमनसाहेबांनी फटीवर बोट फिरवलं, बोट चिकट लागलं. त्यांनी ते रुमालाला पुसलं.

"मुंग्यांचं काय कुणाशी वाकडं न्हाई," ते म्हणाले. शेतकी अधिकारी जिन्याकडं बघू लागले. "आता काय करायचं?"

"धुवायचा."

"काय?"

"सेट. स्वच्छ पाण्यानं."

"पाण्यानं बिघडला म्हणतीस आन् पाण्यानंच धुवायचा?"

"नारळाच्या पाण्यात क्षार असतात. ते आत वाळले की वीज भलतीकडून जाते. डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवायचा. पुस्तकात आहे."

"आन् न्हाई चालला तर?"

"तर मी परत इथं येणार नाही." हे बोलायचं ठरवलं नव्हतं. जायचं तर तसंही होतंच.

"मग म्याबी येणार न्हाई," दस्तगीरभाई म्हणाले, त्यांना एकदम आवाज फुटला होता. "पर चालतोय कसा न्हाई! ह्या जिल्ह्यात..."

"बरं, बरं," चेअरमनसाहेब म्हणाले. "धुवा."

कारखान्याच्या प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्याचे काचेचे कॅन होते. केमिस्टनं तूप द्यावं तसं हात आखडून दिलं. सेट खोलून आम्ही परातीत धरला. दस्तगीरभाई ओतत होते आणि मी ब्रशनं एकेक कोपरा घासत होते. मुंग्या परातीत तरंगत होत्या. दारात शिपाई, कारकून, कॅन्टीनवाला असे सगळे उभे होते आणि ते खोक्यावर ओतलं जाणारं पाणी ज्या नजरेनं बघत होते ती मला पाठीवर जाणवत होती. गेटवर बायका घागरी घेऊन बसल्या असताना हे चाललं होतं. परातीतलं पाणी शिपायानं ऑफिसच्या दारातल्या कण्हेरीला घातलं. आईला कळलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न तोच विचारला, "ते धुतल्यालं पाणी कुठं टाकलं?" आणि उत्तर ऐकून, "कण्हेरीला! खायला तरी येती का ती?"

सेट गच्चीवर बाजेवर वाळत घातला, वर आईचं विटकं लुगडं, धुरळा बसू नये म्हणून. दस्तगीरभाई शेजारी छत्री घेऊन बसले; सेटला सावली नको होती, त्यांना हवी होती. संध्याकाळी खाली आणून बल्बच्या उबेत ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी चेअरमनसाहेब पुन्हा आले तेव्हा जोडला. फ्यूज टिकला. खरखर आली. सगळे एकदम बोलायला लागले, पण मी दस्तगीरभाईंकडं बघत होते. त्यांनी माइकचं बटन दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं आणि मान हलवली.

"ऐकतोय, पर बोलत न्हाई. बटन दाबल्यावर आत टिक व्हायला पायजे, ती न्हाई." त्यांनी डोळे मिटून खोक्यावर कान ठेवला. "रिले चिकटलाय. खोबरं वाळल्यागत चिकटलाय." कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची बारीक पट्टी कापून, स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी मला दिली, कारण त्यांचा हात थरथरत होता आणि रिलेच्या, म्हणजे त्या खटक्याच्या, दोन पत्र्यांमधली जागा केसाएवढी होती. मी पट्टी घातली, ओढली. काळी निघाली. पुन्हा घातली. पुन्हा. मग त्यांनी बटन दाबलं आणि टिक झाली. मला ती अजून ऐकू येते, कानाला आता इतर फारसं येत नसलं तरी.

त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मी तो परत करायला लागले. त्यांनी हात पाठीमागं घेतले. "वस्तीवरचा टँकर तुलाच ठाव हाय, कुठं पाठवायचा ते."

मी बटन दाबून सांगितलं, दोन नंबरचा टँकर आधी वस्तीवर जाऊ दे, मग गावात. माझा आवाज मलाच परका वाटला. पलीकडून भडकलेला आवाज आला, "कुठं मेलता का सगळे? तीन दिस झालं बोंबलतोय! आन् बोलतंय कोण? बाई हाय व्हय? ओव्हर."

"हो," मी म्हणाले आणि ओव्हर म्हणायचं विसरले. त्यामुळं तो माझी वाट बघत राहिला आणि मी त्याची.

चेअरमनसाहेब जाताना दारात थांबले. "हिला मस्टरवर घ्या," म्हणाले. शेतकी अधिकाऱ्यांनी असं पदच नाही म्हणून सांगितलं. "मग करा," चेअरमनसाहेब म्हणाले आणि जिना उतरून गेले. दादा तिथंच बाहेर उभे होते. आम्ही एकत्र घरी गेलो, पण वाटेत बोललो ते एवढंच की ऊन अजून कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा दादा नेहमीप्रमाणे माझ्या आधी निघून गेले होते. मी टाइम ऑफिसच्या खिडकीपुढं ओळीत उभी राहिले. माझा नंबर आला. दादांनी वर बघितलं नाही. टाक दौतीत बुडवला.

"नाव?"

"सुजाता."

"पूर्ण."

मी पूर्ण नाव सांगितलं. मधलं त्यांचं होतं. तेही त्यांनी मी सांगितल्यावर लिहिलं, आधी नाही. सावकाश, गोल अक्षरात.

"खातं?"

"वायरलेस."

त्यांनी लिहिलं, टिपकागद दाबला, उचलून बघितला आणि परत दाबला. त्याच हातानं त्यांनी, मी लातूरला येणार नाही असं पत्र आत्याला लिहिलं असणार. मला कधी दाखवलं नाही.

"जा," ते म्हणाले. "मागं माणसं खोळंबली आहेत."